आधी फाइल, मग उंबरा

“सर, मी गावांत जाणार नाही. छापील आकड्यांवरच काम करते.”

शेतकरी आत्महत्यांवर प्रबंध लिहिणारी, यवतमाळकडची माझी विद्यार्थिनी असं म्हणाली, तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

“ते आकडे दुसऱ्याने, दुसऱ्या कामासाठी गोळा केलेले आहेत,” मी म्हटलं. “राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा तक्ता पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. तिथून जिल्हा, राज्य, मग दिल्ली. मयताचा धंदा काय, हे पहिल्यांदा लिहितो तो मर्ग दाखल करणारा जमादार. त्याला घातपात आहे की नाही, एवढं बघायचं असतं. धंद्याचा रकाना तो भरायचा म्हणून भरतो. दुय्यम माहितीची अडचण हीच. आणि रकाना बदलला तर? २०१३ साली ११,७७२ शेतकरी. २०१४ साली ५,६५०. २०१४ तर पावसाने दगा दिलेलं वर्ष! झालं एवढंच, की शेतमजुरांचा रकाना वेगळा काढला आणि ६,७१० जण तिकडे गेले.”

“पण हे तुम्हाला कळलं कशावरून? दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवल्यावरच ना? एका गावात बसून दिसलं असतं का?” ती म्हणाली. “अर्थशास्त्रज्ञ के. नागराज यांनी याच तक्त्यांवरून १९९७ ते २००६ चा हिशेब मांडला. पत्रकार पी. साईनाथ तो लोकांपुढे नेत राहिले. घरोघर फिरून देशाचा आकडा कुणाच्या हाती लागला असता?”

हे मला मान्य करावं लागलं. तरी मी सोडलं नाही. “त्याच २०१४ च्या तक्त्यात शेतकरी बायका ४७२ आहेत आणि गृहिणी २०,१४८. यातल्या किती जणी निंदायला, कापूस वेचायला रोज वावरात जात होत्या? सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, म्हणून घरचं शेत कसणारी बाई कागदावर शेतकरी नाही. हे तक्ता कधीच सांगणार नाही. त्यासाठी उंबरा ओलांडावाच लागतो.”

“ओलांडलेला आहे, सर. पुष्कळांनी. पोलीस पाटील, जमादार, तलाठी, कृषी सहायक, तहसीलदार, पेपरवाले, पुढारी. काही तर तेरवीच्या आत. सगळ्यांचे प्रश्न तेच : कर्ज किती होतं, दारू पीत होते का. सरकारची मदत एक लाखाची. नापिकी, बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा, हे जुळलं तर प्रकरण पात्र, नाहीतर अपात्र. कोणतं उत्तर कुठे जातं, हे मागे राहिलेल्या बाईला पुरतं कळलेलं असतं. मी वही काढली की ती पात्रतेचीच उत्तरं देणार. पुतणीच्या लग्नासाठी घेतलेले हातउसने पैसे ती सांगणार नाही. मग माझ्याकडे प्राथमिक माहिती म्हणून काय येईल? तहसीलच्या फाइलीतलाच जबाब, माझ्या अक्षरात.”

इथे आम्ही अडकलो. मी पद्धतीतले उपाय सांगितले : पहिल्या भेटीत वही काढू नको, चार दिवस गावात राहा, मदतीशी तुझा संबंध नाही हे स्पष्ट सांग.

“संबंध नाही म्हटल्यावर तिने माझ्याशी का बोलावं? माझ्या पदवीसाठी?”

मी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा दाखला दिला. तिथले संशोधक घरोघरी गेलेच होते.

“त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. ते जे लिहितील ते न्यायालय वाचणार होतं. माझा प्रबंध कोण वाचणार, सर? तुम्ही आणि दोन परीक्षक.”

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही. माहिती संशोधकाने स्वतः गोळा केली म्हणून ती खरी होत नाही, आणि दुसऱ्याने केली म्हणून उणी ठरत नाही, एवढं मला तिच्यामुळे दिसलं. प्रश्न कुणी विचारला आणि उत्तर देणाऱ्याचं त्यावर काय अवलंबून होतं, हे दोन्हीकडे तपासावंच लागतं.

तरीही तिने जावं, असं माझं मत आहे. मात्र आधी तहसीलमधली प्रकरणं, पंचनामे, सोसायटीची कर्जखाती वाचावीत. तिथे लिहिलेलं आहे ते त्या घरात पुन्हा विचारू नये. कुणीच न विचारलेलं विचारावं : शेत आता कोण कसतं, वारसाचा फेरफार झाला का.

“आणि झाला नसेल तर? लिहून घेऊन निघून यायचं?”

“नाही. तिच्यासोबत तलाठ्याकडे जायचं.”

“मग ती माहिती मीच बदलली, असं परीक्षक म्हणतील.”

“म्हणू देत. तू काय केलंस ते प्रबंधात लिही.”

तिला हे पूर्ण पटलेलं नाही. विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना अशा घरांकडे पाठवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मात्र माझी विनंती आहे : त्या बाईचा जबाब आधी कुठे कुठे नोंदला गेला आहे, ते स्वतः वाचल्याशिवाय कुणालाही तिच्या दारात पाठवू नका.