मासे हसतत कित्याक?

मुलांच्या बोलण्यावर आपण हसतो तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी विनोद केलेला नसतो, विचार केलेला असतो. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर लॉजिक बरोबर असतं, डेटा अपुरा असतो.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बघून आली आणि चित्र काढायला बसली. मधे अर्धगोल जाळं, दोन्ही बाजूंना दोर ओढणारी माणसं, सगळी वाळूत आडवी झोपल्यासारखी. पाण्याखालचे मासे स्वच्छ दिसतायत आणि प्रत्येक मासा हसतोय. आजीने विचारलं, "मासे हसतत कित्याक गो?"

"ते आमच्याकडे जेवूक येतत ना!"

घरभर हशा. दुपारी ताटात बांगडा आला तेव्हा मात्र ते वाक्य मला परत ऐकू आलं. मासे आमच्याकडे जेवणाच्या वेळेलाच येतात, हे खरंच आहे. गोंधळ इतकाच, की पाहुणा कोण आणि जेवण कोण.

ल्युके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांवरच्या पुस्तकात मांडलं होतं, की या वयात मुलं दिसतं ते काढत नाहीत, माहीत असतं ते काढतात. पाण्याखाली मासे आहेत हे तिला माहीत आहे, मग पाणी आड का येईल? मला आनंद होतो तो इथे. ती गोड आहे म्हणून नव्हे (आहेच, बापाचं मत). पाणी आड न येणारा समुद्र मला तिच्यामुळे मिनिटभर दिसतो, म्हणून.

संध्याकाळी शेजारी आले. "सांग गो, मासे कित्याक हसतत?" तिने सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी वाक्य संपवून ती सगळ्यांचे चेहरे बघत थांबली. सकाळी ती माशांबद्दल बोलत होती, आता आमच्यासाठी बोलत होती.

मग ते वाक्य कोणाचं? आजी ते कुंपणावरून सांगते, चार दिवसांत विरून जातं. फोनमधलं विरत नाही. ए. ए. मिल्नने आपल्या मुलाचं, ख्रिस्तोफर रॉबिनचं नाव आणि त्याची खेळणी घेऊन १९२६ साली 'विनी द पू' लिहिलं. जगाला ते पुस्तक हवंच होतं, मलाही आवडतं. पण शाळेत त्या नावावरून मुलाची टिंगल झाली आणि मोठेपणीही त्याला ते ओझं वाटत राहिलं. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी कंपनीने पालकांची संमती घ्यायची आहे. घरगुती वापर कायद्याबाहेर. म्हणजे पालकाने कोणाला विचारायचं, हे कायदा सांगत नाही.

मी तिलाच विचारतो. साडेचार वर्षांच्या संमतीला किती अर्थ, असं बायको म्हणते आणि तिचं म्हणणं खोडता येत नाही. तरी विचारतो. मुंबईच्या आत्याला रापणीच्या चित्राचा फोटो हवा होता. उत्तर आलं, "ह्यां माझां. आत्येक दुसरां काढतंय."

दुसरं काढलं, टपालाने गेलं. त्यातलेही मासे हसतायत, जरा जास्तच.