बोट दाखवायला पलीकडे कोणी नाही

पडद्यावर काही बिघडलं की डिझायनर म्हणतो, कोडमध्ये ते नीट उतरलं नाही. प्रोग्रामर म्हणतो, डिझाइनच तसं आलं होतं. मी दोन्ही कामं शिकले. आधी अक्षरं रेखाटायला, मग ती संगणकावर आणि फोनवर चालती करायला. त्यामुळे आता दोष ढकलायला दुसरं माणूसच उरलेलं नाही. अशा वेळी मी कशी वागते, हे स्वतःलाच विचारायला हवं.

गोव्यात छापखाना आला १५५६ साली. तरी १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण राचोलला रोमन लिपीत छापावं लागलं, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. यंत्रापुढे भाषेला वाकावं लागलं. र. कृ. जोशी यांनी उलटी वाट धरली. हे सुलेखनकार जाहिरातीच्या क्षेत्रातून मुंबईच्या आयआयटीत शिकवायला गेले, पुढे संगणकतज्ज्ञांसोबत बसले आणि त्यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला. त्यांच्या वाटेने जाते असं मी मनाशी म्हणते. खरंच जाते का?

देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं फार, म्हणून फाइल जड होते आणि रेंज कमी असली की पान उशिरा उघडतं. मग अक्षरं गाळायची पाळी येते. 'वाङ्मय'मधलं जोडाक्षर काढलं तर पाय मोडका दिसेल, पण वाचता येईल. 'दुसऱ्या'तल्या ऱ्यचं काय? हिंदीला तो लागत नाही, मराठीचं त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याला कात्री लागली तर तंत्राची मर्यादा म्हणून सांगता येईल आणि ऐकणारा मान्यही करेल. पण कात्री माझ्या हातात असते, हे मला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न हौसेचा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मला सुंदर वाटतात, डिझायनर मंडळी वाहवाही करतात. वेबसाठीचे सुगम्यतेचे निकष मात्र साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागतात. गोव्यात, नार्व्याला घरी आई फोन हातभर लांब धरून वाचते. तिला माझी नजाकत दिसत नाही, वीजबिलाची तारीख दिसायला हवी असते. वाहवाहीवरून आठवतं, आमच्या गावच्या सप्तकोटेश्वराच्या देवळात शके १५९०चा, म्हणजे १६६८चा शिलालेख आहे. जीर्णोद्धार करवणाऱ्या शिवाजी महाराजांचं नाव त्यात आहे, अक्षरं कोरणाऱ्याचं नाही. माझं नाव न लागता मी तितक्याच निगुतीने काम करेन का? बहुतेक वेळा करते. नेहमी करते असं म्हणवत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न पैशाचा. 'हो'चं बटण ठळक आणि 'नको' पुसट, वर्गणी घेणं एका टिचकीत आणि थांबवणं पाच पडद्यांआड, अशी मागणी या धंद्यात रोजची आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार अधिसूचित करून त्यांना मनाई केली. पण माणसाची नजर कुठे घसरते हे मला कळतं आणि तिथे कोड कसं बसवायचं हेही कळतं. यादीत नसलेला चौदावा प्रकार शोधण्याची अक्कल माझ्याकडे आहे. ती वापरायची नाही, हे मला कुठलाही कायदा सांगणार नाही.

मोठी रक्कम समोर असताना मी नाही म्हणेन, असं आज वाटतं. पण हप्ता थकलेल्या महिन्यात हेच वाटेल याची खात्री देता येत नाही, म्हणून नुसत्या निश्चयावर मी विसंबणार नाही. यापुढे माझ्या करारात, मोबदल्याच्या आकड्याआधी, एक अट असेल: नकाराचं बटण होकाराइतकंच मोठं आणि तितकंच ठळक राहील. मान्य नसेल त्याने ते काम दुसऱ्याकडे न्यावं.