एका माणसाच्या तीन राशी

बेंगळुरूच्या गवीपुरात गवी गंगाधरेश्वराचं गुहामंदिर आहे. मराठा समाजाचा गोसाई मठही याच भागात. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीची किरणं बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि काही मिनिटं पिंडीवर पडतात. ते पाहायला दर वर्षी रीघ लागते. सूर्य मकरेत शिरल्याची ही देवाघरची पावती, असं भाविक मानतात. इथल्या जवाहरलाल नेहरू तारांगणाच्या बी. एस. शैलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मंदिराचा अभ्यास केला, तो 2008 साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. हीच किरणं नोव्हेंबरच्या अखेरीसही पिंडीपर्यंत पोचतात, हे त्यातून लोकांना कळलं. त्यात गूढ काही नाही. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परतताना तिथेच पुन्हा मावळतो. 14 जानेवारीला तो परतीच्या वाटेवर असतो. दक्षिणेचं टोक त्याने 21-22 डिसेंबरलाच गाठलेलं असतं.

म्हणजे आपण उत्तरायणाचा तिळगूळ तीन आठवडे उशिरा वाटतो. राशींचा गुंता सोडवायचा असेल तर सुरुवात या तीन आठवड्यांपासूनच करावी.

या शहरात राशी फार वेळा विचारली जाते, आणि विचारणारा बदलला की उत्तर बदलतं. ऑफिसात चहाच्या वेळी कुणी 'तुझी साइन काय' म्हणालं तर जन्मतारीख सांगितली की भागतं. देवळात अर्चनेची पावती फाडताना गोत्र, नक्षत्र आणि राशी लागते. गोत्र-राशी सांगून झाली की आपल्यातले बरेच जण नक्षत्रापाशी अडखळतात आणि घरी आईला फोन लावतात. फेब्रुवारीच्या आसपास चिनी नववर्ष आलं की फोनमधलं एखादं ॲप नुसत्या जन्मसालावरून सांगून टाकतं, की तुम्ही घोडा आहात किंवा डुक्कर.

समजा, एकाचा जन्म 8 ऑगस्ट 1990 रोजी दुपारी झाला. पाश्चात्त्य पद्धतीने तो सिंह, कारण ते सूर्य पाहतात. आपल्या पंचांगाने त्याची राशी कुंभ, नक्षत्र शततारका, कारण आपण चंद्र पाहतो. चिनी पद्धतीने तो धातू-घोडा, कारण ते वर्ष मोजतात. सूर्य महिनाभर एका राशीत राहतो, चंद्र सव्वादोन दिवस, चिनी प्राण्याचा मुक्काम अख्खं वर्ष. त्यामुळे जगातली बारावा हिस्सा माणसं एका 'साइन'ची असतात आणि शाळेतला जवळजवळ अख्खा वर्ग एकाच प्राण्याचा. आपली मराठी वर्तमानपत्रं चंद्रराशीचं भविष्य छापतात, इंग्रजी बहुधा सूर्यराशीचं. दोन्ही पेपर येणाऱ्या घरात एकाच माणसाला सकाळी दोन नशिबं मिळतात.

सूर्यराशीचं ते सदर आपल्याला वाटतं तितकं प्राचीनही नाही. 1930च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात मार्गारेटचा जन्म झाला, तेव्हा 'संडे एक्सप्रेस'ने आर. एच. नेलर नावाच्या ज्योतिषाकडून तिचं भविष्य लिहून घेतलं. ते वाचकांना आवडलं, आणि त्यातून पुढे बारा परिच्छेदांत साऱ्या जगाला बसवणारं सदर रुजलं. 1968 साली आलेल्या लिंडा गुडमनच्या 'सन साइन्स'ने तीच गोष्ट जाडजूड पुस्तकात नेली. त्या पुस्तकातलं आपलं पान वाचून 'अगदी मीच' म्हणणारे हजारो निघाले. असं का वाटतं, याचा प्रयोग त्याआधीच झाला होता. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकी 'खास तुमचं' म्हणून स्वभाववर्णन दिलं. पाचपैकी सरासरी 4.26 गुण देऊन त्यांनी ते तंतोतंत ठरवलं. सगळ्यांच्या हातातला कागद एकच होता आणि बरीचशी वाक्यं स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

मात्र पाश्चात्त्य ज्योतिष म्हणजे एवढंच सदर, असं मानणं अन्यायाचं होईल. त्यातही लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी, आहे, भावस्थानं आहेत, ग्रहांचे परस्परयोग आहेत. टॉलेमीने दुसऱ्या शतकात लिहिलेला ग्रंथ आणि वराहमिहिराचं बृहज्जातक समोरासमोर ठेवली तर ही दोन घराणी एकाच मुळाची आहेत हे लपत नाही. यवनांना हे शास्त्र चांगलं येतं आणि त्यासाठी ते ऋषींसारखे पूज्य आहेत, हे स्वतः वराहमिहिरच मान्य करतो. आजचे काही स्वदेशाभिमानी ज्योतिषी हे सांगायला कचरतात, पण तो मुळीच कचरला नव्हता.

मग आमच्या 8 ऑगस्टवाल्याचा सूर्य त्यांच्याकडे सिंहेत आणि आपल्या कुंडलीत कर्केत, असं का? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होतात तो बिंदू, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. पाश्चात्त्यांनी ऋतू धरला. संपात तीच मेषेची सुरुवात, मग मागचे तारे कुठलेही असोत. ही सायन पद्धत. आपण तारे धरले, ती निरयन. दोन्हींतला फरक म्हणजे अयनांश, तो आज सुमारे 24 अंश आहे. एका राशीचे अंश 30, त्यामुळे पाचांतल्या चौघांची सूर्यराशी आपल्याकडे एक घर मागे जाते. संक्रांतीचे तीन आठवडेही तिथलेच. तारे धरून बसल्यामुळे संक्रांत ऋतूंतून हळूहळू पुढे सरकते आहे. विवेकानंद जन्मले तो 12 जानेवारी 1863चा दिवस संक्रांतीचा होता. पानिपत 14 जानेवारी 1761ला झालं. त्या दिवसाशी संक्रांत जोडायची आपल्याला सवय आहे, पण गणिताने ती आधीच तीन-चार दिवसांपूर्वी होऊन गेलेली होती.

तारे धरायचे, तर नेमका कुठला? या एका प्रश्नावर मराठी माणसांनी जितकी भांडणं केली तितकी क्वचितच कुणी केली असतील. टिळकांनी रेवतीचा तारा धरला. त्या पंचांगाने संक्रांत 10 जानेवारीला येते आणि एखाद्या वर्षी अधिकमास वेगळा पडून गणपतीही महिनाभर आधी बसतात. कोकणात ते पंचांग पाळणारी घरं आहेत, त्यांना याचं नवल वाटत नाही. दुसऱ्या बाजूला व्यंकटेश बापूजी केतकर (1854-1930). आजच्या कर्नाटकातल्या बागलकोटला राहून या माणसाने आधुनिक खगोलगणितावर 'केतकी ग्रहगणित' रचलं आणि चित्रा ताऱ्याची बाजू लावून धरली. 1911 साली त्यांनी नेपच्यूनपलीकडे आणखी ग्रह असावेत असा निबंध फ्रेंच ज्योतिर्विदांच्या नियतकालिकात छापला होता. अशा माणसाचं नाव आज बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला ठाऊक नसतं, याची मला खंत वाटते. चित्रापक्षच पुढे सरकारमान्य झाला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली 1952 साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने जो अयनांश स्वीकारला, तो समितीचे सचिव एन. सी. लाहिरी यांच्या नावाने ओळखला जातो.

बेंगळुरूचा स्वतःचा अयनांश आहे, हे मात्र इथे आल्यावरच कळतं. बी. व्ही. रामन (1912-1998) यांचा. आजोबा बी. सूर्यनारायण राव यांनी 1895 साली काढलेलं 'द ॲस्ट्रॉलॉजिकल मॅगझिन' रामन यांनी 1936 साली पुन्हा सुरू केलं आणि ते 2007च्या अखेरीपर्यंत चाललं. इंग्रजी शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या, टाय लावणाऱ्या भारतीयाला ज्योतिष घरात उघड ठेवता येईल अशी प्रतिष्ठा त्या मासिकाने दिली. रामन यांच्या मते सायन आणि निरयन एकत्र होते ते इ.स. 397 मध्ये, लाहिरींच्या हिशेबाने 285 मध्ये, टिळकांच्या रेवतीने थेट सहाव्या शतकात. आजचे आकडे साधारण असे: लाहिरी 24 अंशांहून थोडा अधिक, रामन पावणेतेवीस, टिळक वीस.

दीड अंशाने काय बिघडतं? आमच्या शततारकावाल्याला विचारा. त्याची जन्मदशा राहूची, एकूण 18 वर्षांची, आणि ती जन्मावेळी किती उरली हे चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला यावर ठरतं. नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं. दीड अंशाने चंद्र पुढे सरकला की दशा जवळजवळ दोन वर्षं आधी संपते. टिळकांचा अयनांश घेतला तर पाच वर्षांहून अधिक. म्हणजे पुण्याचे गुरुजी ज्या वर्षी 'अजून राहू आहे, नोकरी बदलू नका' म्हणतील, त्याच वर्षी बेंगळुरूतले रामनपंथी ज्योतिषी 'गुरू सुरू झाला, आता उडी मारा' म्हणू शकतात. कुंडलीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हा शास्त्रार्थ एका यादीत उरला आहे: लाहिरी, रामन किंवा आणखी कुणी, हवा तो निवडा. या यादीत शून्य निवडलं की पाश्चात्त्य कुंडली निघते. पाश्चात्त्य ज्योतिषी हा आपल्याच भांडणातला अयनांश शून्य धरणारा पक्ष आहे, त्याला परका म्हणायचं कारण नाही.

चिनी पद्धत खरोखर दुसऱ्या कुळातली. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर हा क्रम. त्याला लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाच तत्त्वांची जोड. तत्त्व ओळखायची युक्ती सोपी आहे, इसवी सनाचा शेवटचा आकडा पाहायचा. 4-5 लाकूड, 6-7 अग्नी, 8-9 माती, 0-1 धातू, 2-3 पाणी. फक्त जन्म जानेवारी-फेब्रुवारीतला असेल तर जपून, कारण चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी सुरू होतं. ॲपवाले इथेच सर्रास चुकतात. शिवाय वर्षाचा प्राणी म्हणजे या शास्त्राचं नुसतं दार. जाणकार चिनी ज्योतिषी वर्ष, महिना, दिवस आणि दोन तासांचा प्रहर असे चार खांब मांडतो, प्रत्येकावर दोन अक्षरं, अशी आठ अक्षरं वाचतो. त्यातले महिने चंद्राचे नाहीत, सूर्याचे आणि सायन आहेत. वर्षही तो बहुधा 4 फेब्रुवारीच्या सुमारास बदलतो.

प्राणी बाराच का? बहुधा गुरूमुळे. गुरू सुमारे बारा वर्षांत आकाशाची फेरी पुरी करतो. आपलं 'तप' बारा वर्षांचं, नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी. पण फेरी खरी 11.86 वर्षांची आहे. म्हणून गुरूकडे बघत राहिलं तर कधीतरी एक वर्ष गाळावं लागतं. चिन्यांनी गुरूकडे बघणं सोडलं आणि नुसता आकडा चालू ठेवला. हसू नका, आपणही तेच केलं आहे. प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरंही गुरूच्याच चालीवरून आलेली. उत्तरेत पंच्याऐंशी-शहाऐंशी वर्षांनी एक संवत्सर गाळतात. नर्मदेच्या दक्षिणेला, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, हजारेक वर्षांपूर्वी ते गाळणं बंद झालं. गुढीपाडव्याला आपण आणि युगादीला कन्नड शेजारी ज्या संवत्सराचं नाव घेतो, ते आज गुरूच्या जागेशी जुळलेलं नसतं. चिनी साठीचा सध्याचा फेरा 1984 साली सुरू झाला, आपला प्रभव 1987 साली. आमचा 1990चा माणूस त्यांच्याकडे धातू-घोडा, आपल्याकडे प्रमोद संवत्सराचा.

तिघांचं मिळून असं दिसतं: पाश्चात्त्यांनी ऋतू राखला आणि तारे सोडले, आपण तारे राखले आणि ऋतू सोडला, चिन्यांनी मोजणी राखली आणि प्राण्यांपुरतं आकाशच सोडलं. दिनदर्शिका करायची तर असं काहीतरी सोडावंच लागतं, कारण वर्ष, महिना आणि दिवस एकमेकांत पूर्ण भागले जात नाहीत. दिनदर्शिका म्हणून तिन्ही रचना मला देखण्या वाटतात. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. सोयीसाठी आखलेल्या या रेघा माणसाच्या स्वभावावर उमटतात, असा दावा तिथे सुरू होतो.

तो दावा तपासायचा प्रयत्न आपल्याच माणसांनी केला. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कुठलं मूल कुठल्या गटातलं, एवढंच विचारलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश 46 टक्के, सर्वांत चांगला निकाल चाळिसांत 24. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या, 102 बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी इतकंच. निबंध 2009 साली बेंगळुरूच्याच 'करंट सायन्स'मध्ये आला. अशी तपासणी या शहराला नवी नव्हती. एच. नरसिंहय्या कुलगुरू असताना, 1976 साली, बेंगळुरू विद्यापीठाने चमत्कार आणि अंधश्रद्धांची तपासणी करायला समिती नेमली होती. रामन आणि नरसिंहय्या, दोघेही याच गावात वावरलेले, दोघेही आपापल्या गोटात पूजनीय. हे शहर दोघांनाही हार घालून मोकळं झालं.

राशीचा परिणाम कधी आकड्यांत दिसतच नाही, असं मात्र नाही. जपानमध्ये अग्नी-घोड्याच्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, असा समज आहे. आपल्या मंगळाचीच ही जपानी बहीण. 1965 साली तिथे 18.2 लाख मुलं जन्मली. 1966, अग्नी-घोडा, 13.6 लाख. 1967 साली आकडा 19 लाखांवर. घोड्याने काही केलं नाही, आईबापांनी केलं. 17 फेब्रुवारी 2026 पासूनचं वर्ष साठ वर्षांनी पुन्हा अग्नी-घोड्याचं आहे.

आपल्याकडे त्याची आवृत्ती इस्पितळात सापडते. सिझेरियन करायचंच आहे तर मुहूर्तावर करू, म्हणून गुरुजींकडून वेळ काढून आणणारी कुटुंबं पुण्यातही आहेत आणि इथेही. अमुक लग्न लागायला हवं, म्हणून भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत थांबतो. दीड अंशाच्या फरकाने लग्न साधारण सहा मिनिटांनी सरकतं. ती वेळ लाहिरींची की रामन यांची, असं विचारणारा बाप मला तरी अजून भेटलेला नाही.