घरात कोणी नाही

सोसायटीतल्या एखाद्या बंद फ्लॅटमधून धूर येऊ लागला की खाली जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "नशीब, घरात कोणी नाही, सगळे गावाला गेलेत." अग्निशमन दलाच्या जवानांनाही तेच सांगितलं जातं. सांगणारा खोटं बोलत नसतो. दिवाणाखाली अंग चोरून बसलेलं मांजर त्याच्या मोजणीत नसतं, एवढंच.

खेड्यात गोठ्याला आग लागली तर पाण्याच्या आधी कोयता धावतो, दावी कापायला. कुणाकडे किती जनावरं, त्यातली कोणती गाय गाभण, हे साऱ्या वाडीला ठाऊक असतं. शहरातलं जनावर कुलपाआड राहतं. शेजाऱ्यांशी त्याची ओळख फार तर भुंकण्यापुरती. दारावरची 'कुत्र्यापासून सावधान' ही पाटी चोर वाचतो, कुरिअरवाला वाचतो. आत कुणाला तरी सोडवायचं आहे, असा तिचा अर्थ कुणीच लावत नाही.

ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो आणि बहुतेक वेळा तोच जीव घेतो. पक्ष्यांना तर थोडासाही पुरतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी बाळगत, ते याच कारणाने. (घरात देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो विषय वेगळा, पण लव्हबर्ड्सचा पिंजरा थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगणारे पुष्कळ आहेत.) कुत्रा निदान भुंकतो, दाराशी झेपावतो. मांजर घाबरलं की माळ्यावर, कपाटात, वॉशिंग मशीनच्या मागे शिरतं आणि मुखवटा चढवून आलेल्या परक्या माणसाच्या हाकेला ओ देत नाही.

म्हणून निघण्यापूर्वीची पाच मिनिटं मोलाची. जुन्या बायका बाहेर पडताना देवापुढचं निरांजन शांत करत. पेटती वात उंदीर पळवून नेतो, हे त्यांना माहीत होतं. मांजराच्या शेपटीचंही तेच भय. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, कारण ओट्यावर चढणाऱ्या पंजाने शेगडीचं बटण फिरू शकतं. डास पळवणारी कॉइल पेटती ठेवू नये, चार्जर काढावेत, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यावं. कुत्र्याला गॅलरीच्या ग्रिलला बांधून जाणं मला कधीच पटलेलं नाही. फार वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं १९६० च्या कायद्याने क्रूरता ठरतंच. शिवाय आग लागली तर त्याला धुरापासून चार पावलंही मागे सरता येत नाही. तो मुख्य दाराजवळच्या खोलीत मोकळा असावा.

पण इतकं करूनही वायरिंगचा भरवसा कुणी द्यावा? तेव्हा एक किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि आपल्या प्राण्यांची माहिती सोसायटीच्या वॉचमनकडे असू द्यावी. दारावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी : आत किती प्राणी, कोणते, त्यांची हाक मारायची नावं, लपायच्या जागा आणि आपला फोन नंबर. आत शिरायचं की नाही, हे जवानच ठरवतील. ते धोका पाहून ठरवतात आणि तसंच ठरवायला हवं. पण शिरले, तर कुठे वाकून पाहायचं ते त्यांना कळेल. आणि मांजर कुणाला देऊन टाकलं किंवा आपल्यासोबत गावाला नेलं, तर ती चिठ्ठी त्याच दिवशी काढावी. घरात नसलेल्या बोक्यासाठी कुणाला धुरात उतरायला लावू नये.