जाण्याआधीच्या सह्या

कॅनडाच्या पीआरसाठी लागणारे कागद जमले आहेत. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, विद्यापीठाने मूल्यांकनासाठी पाठवलेल्या गुणपत्रिका, भाषेच्या परीक्षेचा निकाल, नेमून दिलेल्या डॉक्टरांकडची तपासणी. फॉर्म भरताना गेल्या १० वर्षांतला एकही महिना मोकळा सोडता येत नाही. कुठे राहत होतो, नोकरी नव्हती तेव्हा काय करत होतो, सगळं लिहावं लागतं. खोटं लिहिलं किंवा महत्त्वाचं दडवलं तर ५ वर्षं दार बंद. मला हा काटेकोरपणा जाचक वाटला नाही. आपण आपल्याबद्दल जे म्हणतो ते खरोखर तसं आहे का, हे तपासायची सवय त्याने लागली. ती सवय आता घराकडे वळली आहे.

आधी पैशांचं. तिकडचे सुरुवातीचे महिने निभावतील एवढी रक्कम स्वतःची असल्याचं दाखवावं लागतं. उसनी रक्कम चालत नाही. माझ्या बचतीत कमी पडलं ते आईने ठेव मोडून दिलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या निवृत्तीचे ते पैसे. ही रक्कम परत करायची नाही, असं बक्षीसपत्रात लिहिलंय आणि आई ते मनापासून म्हणाली आहे. पण ही ठेव तिच्या आजारपणासाठी होती. मी परतफेडीचं वचन दिलं तर ते कर्ज होईल आणि माझं लिहिलेलं खोटं ठरेल. म्हणून वचन दिलेलं नाही. तिच्या औषधपाण्याचा, दवाखान्याचा खर्च मात्र मीच करायचा आहे. ठेव मोडली नसती तरी तो माझ्याकडेच होता. एवढं मनाशी स्पष्ट झाल्यावरच मी त्या कागदावर सही केली.

जमिनीचं एवढ्यावर सुटत नाही.

कोरेगाव तालुक्यात आमची थोडी शेती आहे, घेवडा आणि सोयाबीन निघतं. बाबा गेल्यापासून वारस नोंद राहिली आहे. माझं जायचं ठरल्यावर काका म्हणाले, "तू तिकडचा झालास की तुला शेतजमीन घेता येणार नाही. आहे ती तुझ्या एकट्याच्या नावावर करून जा. ताईचं काय, ती दिल्या घरी सुखी आहे." त्यांना माझी काळजी आहे, आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र त्याला ठेवता येते. म्हणजे माझा वाटा कुठे जात नाही. ताईचा वाटा माझ्याकडे यावा, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ उरतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. एवढ्या वर्षांच्या झगड्यातून आलेला हक्क दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका हक्कसोडपत्राने सुटतो. आमच्याकडे बहिणी ते लिहून देतात, कारण सही नाकारली तर माहेर तुटेल ही धास्ती असते. ताई मला फोनवर म्हणाली, "कधी यायचं तेवढं सांग, सही करून जाईन." ते ऐकून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याकडे मला नीट पाहायचं आहे. तिला हिस्सा हवा आहे का, हे आमच्यापैकी कोणीच तिला विचारलं नव्हतं. तिने फक्त तारीख विचारली.

कॅनडाच्या फॉर्ममध्ये भावंडांची नावं, जन्मतारखा, पत्ते भरावे लागतात. बहीण लग्न होऊन गेली म्हणून तिला गाळता येत नाही. तिथे मी तिचं नाव लिहिलं आणि सातबाऱ्यावरून मात्र ते गाळायला निघालो होतो. त्याच आठवड्यात मी तिच्याच नावाने कुलमुखत्यारपत्राचा मसुदा करून घेतला. पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरार, सोसायटी, बँक, आणि शेतीची कामंसुद्धा. नोव्हेंबरमध्ये आईचा हयातीचा दाखला, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या फेऱ्या, रात्री-अपरात्री धावणं तर कुठल्याच मसुद्यात नाही. तेही तीच करणार आहे. जमीन सांभाळण्यापुरती ती घरची आणि जमिनीच्या मालकीला परकी, असं लिहिलेल्या कागदावर मला सही करता येणार नाही.

तलाठ्याकडे मी आई, ताई आणि मी अशा तिघांच्या नावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. काका नाराज आहेत. ताईला मी सांगितलं की हक्कसोडपत्र करायचं नाही; पुढे तुला वाटा विकायचा, कसायचा किंवा कोणाला द्यायचा तर तो निर्णय तुझा. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग आईच्या गोळ्यांचं विचारलं.

ही माझ्याकडून तिला दिलेली भेट आहे, असं मी मनातसुद्धा म्हणता कामा नये. तिचं होतं ते तिच्या नावावर लागेल, इतकंच. आईपाशी ती जे करणार आहे त्याचा हिशोब यात कुठेच फिटत नाही. मदतीला बाई ठेवायची, तिचा पगार मी द्यायचा, हे ठरलंय. पण दवाखान्यात सोबत बसणं पगाराने होत नाही.

इथे मला आणखी एक सोयीची सबब सोडावी लागली. पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहणं पुरतं. म्हणजे 'नियमामुळे येता आलं नाही' असं मला म्हणता येणार नाही. आलो नाही तर ते नोकरीसाठी, रजेसाठी, तिकिटाच्या पैशांसाठी, म्हणजे माझ्या निवडीने. दर दिवाळीला येईन, असं मी आईला सांगत आलो होतो. आता सांगितलंय की पहिली दोन वर्षं येणं कठीण आहे. ताईलाही तेच सांगितलं, आणि त्या दोन वर्षांत तिला काय झेपणार नाही ते तिने मला आत्ताच सांगावं, असंही म्हटलं. तिने विचार करायला वेळ मागितला आहे. तिचं उत्तर येईपर्यंत मुखत्यारपत्राची नोंदणी थांबवली आहे आणि तिकीट काढलेलं नाही.