तात्पर्य विचारू नये

चित्रे घातलेले कोणतेही पुस्तक म्हणजे चित्रपुस्तक, ही रूढ समजूत अपुरी आहे. ज्यात गोष्टीचा काही भाग शब्द सांगतात, उरलेला चित्र सांगते आणि दोहोंपैकी एक काढून घेतले की दुसरे लंगडे पडते, त्यालाच हे नाव शोभते. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा जो जुडगा होतो त्याला फर्मा म्हणतात, आणि अशा दोन फर्म्यांत, म्हणजे ३२ पानांत, यांतली बरीचशी पुस्तके आटोपतात. जागा इतकी थोडी असल्यामुळे लेखकाला सगळे सांगून टाकता येत नाही आणि पान उलटण्याआधी मुलाला स्वतःच अंदाज बांधत बसावे लागते.

हे अंदाज बांधणे किती रंगू शकते, याचे उदाहरण याच आठवड्यात खासबागेत पाहायला मिळाले. बेळगावातील खासबाग, वडगाव, शहापूर हा विणकरांचा भाग असून तेथे अनेक घरांत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, आणि त्या आवाजात लहान मुलाला गोष्ट सांगायची तर ती जवळजवळ ओरडूनच सांगावी लागते. अशाच एका घराच्या कट्ट्यावर बसलेल्या आजीने तो खटाटोप सोडून दिला होता. तिच्या मांडीवर नात होती, शेजारी कन्नड बोलणाऱ्या घरातला तेवढाच मुलगा टेकला होता आणि आजी नुसती पाने उलटत होती. पुस्तकातल्या मजकुरात ज्याचा उल्लेखही नसावा असे एक मांजर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दडलेले या दोघांनी शोधून काढले होते, आणि ते पुढच्या पानावर कुठे सापडेल याची पैज नात मराठीतून आणि मुलगा कन्नडमधून लावत होता. इतक्यात मागावरून उठून आलेल्या मुलीच्या वडिलांनी, अर्थात कौतुकानेच, बोट ठेवून विचारले, "सांग बघू, हा रंग कुठला? मांजरं किती?" दोघांचेही चेहरे क्षणात शाळेतल्यासारखे झाले आणि शेजारचा मुलगा हळूच उठू लागला. "गप बस की रे, गोष्ट चाललीय न्हवं!" असे आजीने आपल्या लेकाला दटावले, तेव्हा कुठे शेजारचा मुलगा पुन्हा टेकला.

या सीमाभागाला एकाच चित्रावर दोन भाषांची गोष्ट नवी नाही. मद्रासहून निघणारे मुलांचे मासिक 'चंदामामा' कन्नडमध्ये १९४९ साली आणि 'चांदोबा' या नावाने मराठीत १९५२ साली सुरू झाले, आणि शंकर या चित्रकाराचा वेताळ खांद्यावर घेतलेला विक्रमराजा दोन्ही भाषांतल्या मुलांना सारखाच दिसला.

मांजरे मोजायला लावणाऱ्या त्या वडिलांना दोष देण्यात मात्र फारसा अर्थ नाही, कारण मराठी मुलांच्या हाती आलेल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत इसापच्या गोष्टी होत्या, आणि गोष्ट संपली की खाली तात्पर्य हवेच, ही सवय तेव्हापासून मुरत आली आहे. माधुरी पुरंदरे यांनी ती शांतपणे मोडली. 'राधाचं घर' ही मालिका असो वा यशच्या गोष्टींतली 'मोठी शाळा' आणि 'हात मोडला' ही पुस्तके असोत, शब्द आणि चित्रे दोन्ही त्यांचीच असल्यामुळे कोणती गोष्ट शब्दांनी सांगायची आणि कोणती चित्रावर सोडायची, हे एकाच हाताने ठरते; आणि नव्या शाळेत पाऊल टाकणे हेदेखील त्या वयातले धाडसच आहे, हे त्या कोठेही उच्चारून दाखवत नाहीत.

अमेरिकेतील मॉरिस सेंडाक यांचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे १९६३ सालचे पुस्तक या बाबतीत अधिकच धीट आहे. दंगा केल्याबद्दल उपाशी झोपायला पाठवलेल्या मॅक्सच्या खोलीत रान उगवते, तो नावेतून राक्षसांच्या देशी जातो आणि त्यांचा राजा होतो. त्याची कल्पना जसजशी फोफावते तसतसे चित्रही वाढत जाऊन पांढरा समास गिळते, आणि ऐन धिंगाण्याच्या सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. तो परततो तेव्हा जेवण वाढून ठेवलेले असते, आणि तेही अजून गरम. त्याने माफी मागितली की नाही, याची चौकशी सेंडाक करत नाहीत. मोठ्यांना हे खटकले, मुलांनी मात्र पुस्तक डोक्यावर घेतले.

बेळगाव जिल्ह्याच्या मातीतले कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचे नाव निघाले की 'काजळमाया'तली काळोखी नियती आठवते. पण मुलांसाठी 'बखर बिम्मची' लिहिताना त्यांनीही अशीच मोकळीक देऊन छोट्या बिम्मला प्राणी-पक्ष्यांशी मनसोक्त बोलू दिले.

चित्रपुस्तकांवर पालकांचा नेहमीचा आक्षेप असा, की एवढे पैसे देऊन आणलेले पुस्तक पाव तासात संपते. प्रत्यक्षात ते संपत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मागितले जाते, तिसऱ्या दिवशीही मागितले जाते, आणि वाचून दाखवणाऱ्याने कंटाळून दोन पाने एकदम उलटली तर ज्याला अद्याप एक अक्षरही वाचता येत नाही असा श्रोता ती चोरी जागच्या जागी पकडतो.