पडद्यामागील जहाज

नाटक पाहावयास गेलेल्या मनुष्यानें पडद्यामागें डोकावूं नये, असा एक जुना संकेत आहे. राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे हें एकदां दिसलें म्हणजे राजाच्या दुःखानें डोळ्यांत पाणी यावयाचें नाहीं, अशी त्यामागील समजूत. वस्तुसंग्रहालयांचेंही पुष्कळ दिवस असेंच चाललें होतें. प्रेक्षकानें मांडलेलें तेवढें पाहावें. कुजलेली, डागडुजीची बाजू कुलुपाआड राहावी. अलीकडे कित्येक संग्रहालयें आपण होऊन ही मागची बाजू दाखवूं लागलीं आहेत. त्यामुळें पूज्य वस्तूविषयींचा आदर वाढतो कीं घटतो, याचा येथें विचार करूं.

इंग्लंडांतील ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेचें उदाहरण घेऊं. ही १७६५ सालीं चॅटम येथें पाण्यांत लोटली गेली. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रफाल्गारच्या लढाईंत नेल्सन हिच्याच डेकवर पडला. १९२२ पासून ती पोर्टस्मथच्या कोरड्या गोदींत उभी आहे. समुद्रावर जी तोफांच्या गोळ्यांना पुरून उरली, तिला जमिनीवर पावसाचें पाणी, बुरशी आणि लाकूड पोखरणारे किडे यांनीं जेरीस आणलें. २०२२ सालीं तिची मोठी दुरुस्ती हातीं घेतली, तेव्हां चालकांनीं काम झांकून ठेवलें नाहीं. बाहेरच्या फळ्या उतरवून आंतील फासळ्या उघड्या केल्या, आणि परांचीवरून फिरून ती कूज व ते नवे सांधे पाहण्याची प्रेक्षकांची सोय केली.

येथें शंका येते. ट्रफाल्गारच्या दिवसाचें लाकूड तिच्यांत आतां थोडेंच उरलें आहे. मग जिला वंदन करावयाचें ती नौका हीच काय? ग्रीक तत्त्वज्ञांत थिसियसच्या जहाजाविषयीं हाच वाद होता : एकेक फळी बदलतां बदलतां सर्वच फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेंच कीं दुसरें? आपल्याकडे हा प्रश्न इतका बोचत नाहीं. मूर्तीस वज्रलेप होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, तरी देव तोच राहतो. परंतु वज्रलेप झाला हें गांवाला ठाऊक असतें, आणि जीर्णोद्धार करणाराचें नांव शिळेवर कोरलेलें असतें. बदल करणें हें पाप नव्हे. तो लपविणें हें मात्र असत्य होय.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नेल्सन पडला ती जागा डेकवरील पाटीनें दाखविली आहे. त्या दिवशीं या एका जहाजावर ५७ जण मारले गेले, पाटी एकाचीच. पाण्याच्या पातळीखालील ठेंगण्या मजल्यावर जखमींना नेत, आणि भुलीचें औषध ठाऊक नसलेल्या त्या काळांत शस्त्रवैद्य तेथें त्यांचे हातपाय कापीत. वरच्या बाजूस पराक्रम दिसतो, आंतल्या बाजूस त्याची किंमत दिसते. किंमत न सांगतां माल दाखविणाऱ्या दुकानदाराला आपण प्रामाणिक म्हणत नाहीं. मग युद्धाच्या संग्रहालयाला तरी काय म्हणून म्हणावें?

मारणारांची व मरणारांची ही कथा झाली, घडविणारांची निराळीच. हार्टलपूल येथें ‘ट्रिंकोमाली’ नांवाची दुसरी नौका आजही तरंगत आहे. ती १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं, सागवानाची बांधली गेली. तिच्या नांवावर ट्रफाल्गार नाहीं. पण तिच्या सांगाड्यांतील पुष्कळसें सागवान मूळचेंच आहे. ज्या सुतारांनीं तें तासलें त्यांची आठवण डेकवर उभें राहून होत नाहीं. तळांत उतरून सांधा पाहिला म्हणजे होते.

मागची बाजू पाहतांच जो आदर नाहींसा होतो, तो आदर नव्हेच. तें नुसतें दिपून जाणें. आपल्या घरांतही भिंतीवर हार घातलेली आजोबांची तसबीर असते, आणि तिच्यामागचें कर्ज, कलह, आजारपण मुलांच्या कानांवर जाऊं नये असें आपणांस वाटतें. हेतु चांगला असतो. परंतु फळी कोठें कुजली होती हें ज्यांना कोणीं दाखविलें नाहीं, त्यांच्यावर नवी फळी बसविण्याची पाळी येते तेव्हां ते गोंधळून जातात, हें आपण विसरतों.